हरलेला सामना आणि रसविचार

क्रिकेटचा मोठा सामना म्हणजे एक नाटकच, असें म्हणण्याचा प्रघात आपल्याकडे पडून आतां बरींच वर्षें झालीं. सामन्याचें वर्णन करणारे लेखक ‘पहिला अंक’, ‘कलाटणी’, ‘शोकान्त’ हे शब्द इतक्या सहजपणें योजितात कीं, त्यांत कांहीं तपासण्यासारखें आहे हें वाचकाच्या मनांतहि येत नाहीं. अलीकडे एका वाङ्मयीन बैठकींत आमच्या एका विद्वान् स्नेह्यांनीं याच्याहि पुढें पाऊल टाकलें. ते म्हणाले, “आजच्या मनुष्यास करुणरसाचा अनुभव रंगभूमीवर मिळत नाहीं, तो विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत मिळतो. नाटकाची जागा सामन्यानें केव्हांच घेतली. तुम्ही टीकाकार मात्र अजून जुन्या नाटकगृहाच्या दारांत ताटकळत उभे आहां.” बैठकींत टाळ्या पडल्या. आम्हीहि हंसून मान डोलविली. परंतु घरीं परततांना तें विधान मनांत खुपूं लागलें. कारण त्यांनीं ज्या सामन्याचें उदाहरण दिलें तो आम्हीं आरंभापासून शेवटपर्यंत पाहिला होता, आणि त्या रात्रीं जें आमच्या वांट्यास आलें त्यास ‘रस’ म्हणावयास आमची जीभ धजत नाहीं.

तो सामना म्हणजे १९ नोव्हेंबर २०२३ रोजीं अहमदाबादेस झालेला विश्वचषकाचा अंतिम सामना. भारताचा संघ ओळीनें दहा सामने जिंकून त्या दिवसापर्यंत येऊन पोंचला होता. चारच दिवस आधीं मुंबईस वानखेडे स्टेडियमवर महंमद शमीनें न्यूझीलंडचे सात गडी बाद केले होते, आणि त्यानंतर विजयाविषयीं शंका घेणें हें जवळजवळ अशिष्टपणाचें मानलें जात होतें. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडीं दुपारीं पुरणपोळीचा बेत होता. भारताची सुरुवातहि झपाट्याची झाली. रोहित शर्मानें ३१ चेंडूंत ४७ धांवा केल्या. दहाव्या षटकांत त्याचा उंच उडालेला चेंडू ट्रॅव्हिस हेडनें पाठमोरें धांवत जाऊन, अंग झोंकून देऊन झेलला. पहिल्या दहा षटकांत ८० धांवा झाल्या होत्या. उरलेल्या चाळीस षटकांत मिळून चेंडू अवघा चार वेळां सीमारेषेपार गेला. हा आंकडा आम्हीं मागाहून वाचला. त्या वेळीं तो आंकडा नव्हता. छातीवर कोणी तरी हळूहळू दगड रचीत आहे असें वाटत होतें. विराट कोहली ५४ धांवांवर असतांना कमिन्सचा चेंडू त्याच्या बॅटीला लागून यष्ट्यांवर गेला, तेव्हां नव्वद हजारांहून अधिक माणसांचा तो समुदाय असा निःशब्द झाला कीं, यंत्रांत कांहीं बिघाड झाला असावा म्हणून आमच्या घरांतील एकानें उठून आवाजाची कळ फिरवून पाहिली.

भारताच्या २४० धांवा झाल्या. ऑस्ट्रेलियाचे तीन गडी ४७ धांवांत बाद झाले तेव्हां आशेनें पुन्हां डोकें वर काढलें, आणि तेंच वाईट झालें. पुढें हेड आणि लाबुशेन या दोघांनीं १९२ धांवांची भागी केली. हेडनें १२० चेंडूंत १३७ धांवा काढल्या व तो बाद झाला तेव्हां दोनच धांवा उरल्या होत्या. सामना त्रेचाळिसाव्या षटकांत संपला.

आमची एक वृद्ध मावशी त्या दिवसांत आमच्याकडे राहावयास आली होती. तिला क्रिकेटमधील ओ कीं ठो कळत नाहीं. सर्व मंडळी जमलीं म्हणून तीहि येऊन बसली होती. हेडचें शतक झालें तेव्हां ती म्हणाली, “अरे, तो पोरगा एवढा छान खेळतोय, तर त्याला कुणी टाळी कां वाजवीत नाहीं?” घरांत कोणीं उत्तर दिलें नाहीं. “मावशी, तूं जरा गप्प बस बघूं,” असें कोणी तरी खेंकसलें. तें खेंकसणारे आम्हीच होतों, हें येथें कबूल करून टाकलेलें बरें. कारण पुढील सर्व विवेचन त्या खेंकसण्यांतून निघालें आहे.

करुण नाटक पाहून आनंद कां व्हावा, हा आपल्या टीकाशास्त्रांतला जुना वाद आहे, व त्यावर आपल्या मासिकांनीं एके काळीं शेंकडों पानें खर्चीं घातलीं. तो वाद येथें पुन्हां उकरण्याचा आमचा विचार नाहीं. न. चिं. केळकरांनीं त्याचें जें उत्तर ‘सविकल्प समाधि’ या नांवानें दिलें, तेवढें आमच्या कामास पुरे आहे. प्रेक्षक दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरतो, तिच्याशीं एकरूप होतो. परंतु आपली स्वतःची भूमिका तो साफ सोडीत नाहीं, आणि या दुहेरी अवस्थेंतच त्याचा आनंद आहे, असा त्या उपपत्तीचा मथितार्थ. ‘एकच प्याला’तील सिंधूसाठीं रडणारा प्रेक्षक खरोखरच रडत असतो. पण आपण खुर्चीवर बसलों आहों आणि सुधाकर हा आपला जांवई नव्हे, हें भान त्याच्या मनाच्या एका कोपऱ्यांत जागें असतें. म्हणूनच तो पुढच्या प्रयोगाचें तिकीट काढतो.

ही ‘पुन्हां जाण्याची’ कसोटी आम्हांस फार मोलाची वाटते. ती लावावयास परिभाषेची गरज नाहीं. ‘एकच प्याला’ वीस-वीस वेळां पाहून प्रत्येक वेळीं रुमाल भिजविणारे रसिक आपल्या मागच्या पिढींत ठिकठिकाणीं होते. अहमदाबादचा सामना हौसेनें दुसऱ्यांदां पाहिलेला मनुष्य मात्र आम्हांस कित्येक महिने शोधूनहि सांपडला नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं वर्तमानपत्र न उघडतांच घडी करून ठेविलेलीं घरें आम्हांस ठाऊक आहेत. करुणरसानें तृप्त झालेला मनुष्य असें वागत नाहीं. असें वागतो तो ज्याच्या घरीं कांहीं तरी घडलें आहे असा मनुष्य.

असें कां व्हावें? अभिनवगुप्तानें नाट्यशास्त्रावरील आपल्या टीकेंत रसास्वादाच्या आड येणारीं सात विघ्नें सांगितलीं आहेत. त्यांतलें दुसरें, तिसरें आणि सातवें हीं तीन आमच्या विषयाशीं इतकीं जुळतात कीं, हजार वर्षांपूर्वींच्या त्या काश्मिरी पंडितानें एखादा अंतिम सामना पाहिला होता कीं काय, अशी शंका यावी. दुसरें विघ्न असें: समोर जें चाललें आहे तें ‘माझें’ आहे किंवा ‘परक्याचें’ आहे, अमुक देशाचें व अमुक काळाचें आहे, असा आग्रह मनांत घट्ट बसणें. नाटकांत हा आग्रह सैल व्हावा म्हणून पूर्वरंग, वेषभूषा, संगीत हा सारा खटाटोप असतो. त्यामुळें सिंधूचें दुःख एकट्या सिंधूचें राहत नाहीं, तें साधारण होतें. सामन्यांतील खटाटोप नेमका उलट दिशेचा. ध्वज, राष्ट्रगीत, खेळाडूच्या छातीवर देशाचें नांव, प्रेक्षकाच्या गालांवर रंग, अशी सारी सामुग्री ‘आपले’ आणि ‘ते’ यांमधील भिंत पक्की करण्याकडे खर्चीं पडते.

तिसरें विघ्न म्हणजे प्रेक्षकानें आपल्याच सुखदुःखानें विवश होणें. नाटकास जातांना मनुष्य आपल्या घरचीं दुःखें घेऊन गेला तर त्याचें लक्ष रंगमंचावर ठरत नाहीं, एवढाच याचा मूळ आशय. सामन्यांत तर प्रेक्षकाचें सुखदुःख हेंच पणाला लागलेलें असतें. ज्यांस ही अतिशयोक्ति वाटेल त्यांनीं अशा दिवशीं कोणत्याहि मध्यमवर्गीय घराच्या दिवाणखान्यांत डोकावून पाहावें. फलंदाज फटके मारूं लागला तेव्हां जो ज्या जागीं बसला असेल त्यानें तेथून हलूं नये, असा दंडक ताबडतोब जारी होतो. आमच्या शेजारचे एक निवृत्त अभियंते आहेत. भुताखेतांची आणि नवससायासांची टर उडविण्यांत त्यांचें आयुष्य गेलें. तेच गृहस्थ त्या संध्याकाळीं डावा पाय स्टुलावर ठेवून दीड तास बसले होते, कारण पाय खालीं घेतल्याबरोबर एक गडी बाद झाला होता. चहा ठेवावयास उठलेल्या त्यांच्या सूनबाईंवर दुसऱ्या एका गड्याचा आळ आला. नाट्यगृहांत असें कधीं कोणीं पाहिलें आहे काय? सिंधू वांचावी म्हणून कोणी पाय वर धरून बसत नाहीं. नाटकाचा कर्ता आणि नट आपलें काम करून घेतील, आपलें काम पाहण्याचें, हें तेथें प्रत्येकास मान्य असतें. सामन्याच्या प्रेक्षकास तें मान्य नसतें. समोर यज्ञ चालला आहे आणि आपण त्याचे यजमान आहों, आपलें आसन ढळलें तर आहुति चुकेल, अशीच त्याची मनोमन समजूत असते. यजमानास रसास्वादास सवड कोठून असणार?

सातवें विघ्न संशय. अभिनवगुप्ताच्या मनांत येथें एक सूक्ष्म गोष्ट आहे. डोळ्यांत पाणी दिसलें, पण तें शोकाचें, आनंदाचें कीं नुसत्या नेत्ररोगाचें हें कळलें नाहीं, तर प्रेक्षकानें भाव कोणता धरावा? क्रीडांगणावर या संशयाचे मासले हवे तेवढे मिळतात. २ एप्रिल २०११ रोजीं वानखेडेवर धोनीचा षटकार प्रेक्षकांत जाऊन पडला व अठ्ठावीस वर्षांनीं भारतास विश्वचषक मिळाला, तेव्हां युवराजसिंग आणि हरभजनसिंग रडत होते. १९९६ सालीं कलकत्त्यास विनोद कांबळीहि रडतच मैदानाबाहेर आला. अश्रूंवरून पाहूं जातां त्यांतलें विजयाचें दृश्य कोणतें, हें आमच्या मावशीस सांगतां आलें नसतें. परंतु सामन्यांतला मोठा संशय याहून निराळा आहे, तो शेवटाविषयींचा. सिंधूचा शेवट काय होणार हें ठाऊक असल्यामुळें आपण तिचा एकेक शब्द सावकाश ऐकूं शकतों. सामन्यांत शेवट ठाऊक नसतो, आणि म्हणून शेवटावांचून दुसरें कांहींच दिसत नाहीं.

हें पराभवापुरतेंच खरें आहे असेंहि नाहीं. २९ जून २०२४ रोजीं ब्रिजटाउन येथें वीस षटकांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. दक्षिण आफ्रिकेस तीस चेंडूंत तीस धांवा हव्या होत्या व सहा गडी शिल्लक होते. तेथून सामना फिरला. शेवटच्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर मिलरनें उंच मारलेला फटका सूर्यकुमार यादवनें सीमारेषेशीं झेलला. तोल बाहेर जात आहे असें पाहून चेंडू आंतल्या बाजूस वर उडविला, रेषेपलीकडे पाऊल टाकलें, आणि परत आंत येऊन तो पुन्हां हातांत घेतला. भारत सात धांवांनीं जिंकला. या झेलाइतकें डौलदार दृश्य आम्हीं क्रीडांगणावर क्वचित्‌च पाहिलें असेल. पण त्या क्षणीं आम्हीं तें पाहिलें असें म्हणवत नाहीं. आमची सारी दृष्टि बूट दोरीला लागला कीं नाहीं एवढ्यावर खिळली होती. विजयानंतर मनांत आलें त्यास आनंद म्हणण्यापेक्षां सुटका म्हणणें अधिक प्रामाणिकपणाचें होईल. घरांत दाटून राहिलेला श्वास सुटला, एवढेंच. पुढें आठवडाभर आम्हीं तो झेल पंधरा-वीस वेळां पाहिला, आणि सातव्या-आठव्या खेपेस केव्हां तरी तो आम्हांस दिसला.

तेव्हां सामना पाहतांना जें होतें तें रस नव्हे, शोक असो वा हर्ष असो, तो कच्चाच राहतो, एवढें आमच्या स्नेह्यांस दाखवून हा लेख येथेंच संपवितां आला असता. परंतु दोन जुन्या सामन्यांची आठवण आम्हांस तसें करूं देत नाहीं.

पहिला कलकत्त्याचा. १३ मार्च १९९६ रोजीं ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यांत श्रीलंकेनें २५१ धांवा केल्या. भारताची एक गडी बाद ९८ अशी भक्कम स्थिति असतांना ६५ धांवांवर खेळणारा सचिन तेंडुलकर यष्टिचीत झाला, आणि पाहतां पाहतां आठ गडी बाद १२० अशी दुर्दशा झाली. मग प्रेक्षकांनीं बाटल्या फेंकल्या, बसावयाच्या जागांस आगी लाविल्या. पंच आणि खेळाडू आंत गेले, पुन्हां आले, पुन्हां गेले. शेवटीं सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यानें सामना श्रीलंकेस बहाल केला. कांबळीचे अश्रु हे त्या वेळचे. आमच्या मतें ते अश्रु पराभवाचे होते तितकेच आपल्याच माणसांनीं खेळावयासहि दिलें नाहीं याचे होते. पण तें असो. येथें ‘यजमान’ आपल्याच हातांनीं मंडप पेटवून मोकळा झाला.

दुसरा सामना चेन्नईचा. पाकिस्तानचा संघ बारा वर्षांनीं भारतांत कसोटी सामने खेळावयास आला होता. वातावरण तापलेलें होतें. दिल्लीच्या मैदानाची खेळपट्टी कांहीं मंडळींनीं रात्रीं जाऊन उकरलीहि होती. ३१ जानेवारी १९९९ रोजीं, सामन्याच्या चौथ्या दिवशीं, भारतास २७१ धांवा करावयाच्या होत्या व पांच गडी ८२ धांवांत बाद झाले होते. तेथून पाठदुखीनें वांकलेला तेंडुलकर व यष्टिरक्षक मोंगिया यांनीं डाव वर उचलला. तेंडुलकर १३६ धांवा करून बाद झाला तेव्हां केवळ सतरा धांवा हव्या होत्या आणि तीन गडी हातीं होते. ते तीन गडी चार धांवांत गेले. भारत बारा धांवांनीं हरला. चेपॉकवर क्षणभर स्मशानशांतता पसरली. मग तो समुदाय उभा राहिला व टाळ्या वाजवूं लागला. पाकिस्तानच्या खेळाडूंनीं मैदानाला फेरी घातली आणि फेरी पुरी होईपर्यंत टाळ्या थांबल्या नाहींत.

या टाळ्यांचें स्पष्टीकरण रसशास्त्रानें कसें करावें? त्या माणसांच्या मनांत तिन्ही विघ्नें होतीं. ‘आपले’ आणि ‘ते’ हा भेद तेथें जितका तीव्र होता तितका जगांत फार थोड्या मैदानांवर असेल. स्वतःच्या दुःखानें तीं माणसें विवश होतीं. संशय तर शेवटच्या गड्यापर्यंत होता. असें असूनहि पराभवानंतरच्या त्या मिनिटा-दोन मिनिटांत विघ्नें ओलांडून कांहीं तरी त्यांच्या हातीं आलें, आणि तें काय आलें हें त्यांनीं उभें राहून सांगितलें. सकलेन मुश्ताकची फिरकी त्यांना त्या वेळीं दिसली, कदाचित् सारा सामनाच दिसला. रस म्हणावयाचाच असेल तर याला म्हणावा.

कोणी म्हणेल, याचा अर्थ एवढाच कीं सामना पाहतांना पक्षपात टाकून द्यावा, खेळ कोणाचाहि असो, चांगल्याला चांगलें म्हणावें. हा उपदेश ऐकावयास सोज्ज्वळ वाटतो, पण आम्हांस मान्य नाहीं. ज्याला कोणीहि जिंकलें तरी सारखेंच, त्याच्या टाळीला कांहीं किंमत पडत नाहीं. तो नाटकास येऊन नेपथ्याची तारीफ करून जाणाऱ्या पाहुण्यासारखा आहे. ताटस्थ्य म्हणजे औदासीन्य नव्हे, हें केळकरांच्या ‘सविकल्प’ या शब्दांतच आहे: समाधि लागली पाहिजे, मग विकल्पाचा प्रश्न. चेन्नईची टाळी मोठी ठरली ती तिच्या आधींच्या त्या शांततेमुळें. दोन्हींतलें एक काढून घ्या, दुसऱ्याचें मोल जातें.

अहमदाबादेस शांतता होती. टाळी झाली नाहीं. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार पॅट कमिन्स आदल्या दिवशीं म्हणाला होता कीं, मोठा समुदाय आपल्यामुळें गप्प झालेला ऐकण्यासारखें समाधान खेळांत दुसरें नाहीं. त्या समुदायानें त्याचें म्हणणें अक्षरशः खरें करून दाखविलें. टाळ्या वाजवून त्याचा बेत सहज फसवितां आला असता! चषक देण्याची वेळ आली तेव्हां बरेचसे प्रेक्षक निघून गेले होते. परंतु न्यायाची गोष्ट सांगावयाची तर दोन्हीं मैदानांस एकच माप लावणें बरोबर नाहीं. कसोटी सामना चार दिवस चालला होता. तेवढ्या अवधींत प्रेक्षकास प्रतिपक्षाचीं माणसें ओळखीचीं होतात, त्यांच्या खोड्या कळतात, तीं दमलेलीं दिसतात. एका दिवसाच्या सामन्यांत, दहा विजयांची नशा डोक्यांत असतांना, तितका अवकाश मिळत नाहीं. शिवाय ज्यानें आपल्या दिवाणखान्यांत एका म्हातारीला गप्प बसविलें, त्यानें अहमदाबादच्या नव्वद हजारांस रसिकतेचे धडे द्यावे, हेंहि शोभणारें नाहीं.

तेव्हां काळाचा विचार करावा लागतो. जें काम नाटकांत कवि करतो, म्हणजे एका माणसाचें दुःख सर्वांचें करून देणें, तें सामन्याच्या बाबतींत पुष्कळदां नंतरचीं वर्षें करतात. २३ जुलै २०१७ रोजीं लॉर्ड्स मैदानावर स्त्रियांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत भारतास २२९ धांवा हव्या होत्या. मुंबईची पूनम राऊत ८६ धांवांपर्यंत पोंचली होती व तीन गडी बाद १९१ अशी स्थिति होती. उरलेले सात गडी २८ धांवांत गेले आणि सामना नऊ धांवांनीं हरला. पुढें आठ वर्षें तो सामना म्हणजे केवळ एक सल होता. मग ३० ऑक्टोबर २०२५ रोजीं नवी मुंबईस उपान्त्य सामन्यांत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धांवांचें लक्ष्य जेमिमा रॉड्रिग्जनें नाबाद १२७ धांवा करून गांठून दिलें, आणि २ नोव्हेंबरला त्याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेस ५२ धांवांनीं हरवून भारतानें चषक जिंकला. शेवटचा झेल हरमनप्रीत कौरनें मागें धांवत जाऊन घेतला. लॉर्ड्सवर अर्धशतक करूनहि जी हरली होती तीच ही. विजयानंतर त्या मुलींनीं चषक नेऊन मिताली राज व झूलन गोस्वामी यांच्या हातीं दिला. त्या दोघी २०१७ च्या पराभवाच्या धनी होत्या आणि आतां खेळत नव्हत्या. त्या रात्रीं लॉर्ड्सचा तो जुना सामना पुन्हां पाहणें आम्हांस शक्य झालें, आणि पूनम राऊतचा डाव किती चांगला होता हें आम्हांस प्रथमच कळलें.

पण हें सांगून समाधान मानून घ्यावें तर ब्राझीलचा बार्बोसा आठवतो. १६ जुलै १९५० रोजीं रिओच्या माराकाना मैदानावर फुटबॉलच्या विश्वचषकाचा निर्णायक सामना झाला. यजमान ब्राझीलला नुसती बरोबरी पुरे होती. पावणेदोन लाखांच्या घरांत माणसें जमलीं होतीं. ब्राझीलनें आधीं गोल केला. मग उरुग्वेच्या स्कियाफिनोनें बरोबरी साधली, आणि सामना संपावयास अकरा मिनिटें असतांना घिजियानें दुसरा गोल केला. तेथेंहि तीच निःशब्दता पसरली, अहमदाबादेच्या दुपटीची. ब्राझीलनें तो पांढरा पोशाखच पुढें टाकून दिला व पिवळा घेतला. तो देश त्यानंतर पांच वेळां विश्वविजेता झाला. १९५० चा सल कधींच निघाला असेल असें कोणासहि वाटावें. परंतु गोलरक्षक बार्बोसा २००० सालीं वारला तोंवर, म्हणजे पन्नास वर्षें, त्या एका चेंडूचा दोष त्याच्या माथीं राहिला. हजारो माणसांचें दुःख एका माणसावर टाकून मोकळें होणें, हेंहि एक प्रकारचें ‘साधारणीकरण’च, पण उलट्या दिशेचें. आणि काळ यांत कांहीं करीत नाहीं. करावयाचें तें बघणाऱ्यांसच करावें लागतें. चेन्नईच्या लोकांनीं तें दोन मिनिटांत केलें, रिओच्या लोकांस पन्नास वर्षें पुरलीं नाहींत. उलट उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलिओ वारेला त्या रात्रीं रिओच्या मद्यगृहांत हिंडला आणि हरलेल्या माणसांचें रडणें पाहून त्यालाच वाईट वाटलें, अशी कथा सांगतात. ती खरी असेल तर त्या रात्रीं माराकानाच्या सामन्याचा रसिक तो एकटाच.

आमच्या स्नेह्यांस आम्हीं हें सारें सांगितलें तेव्हां ते म्हणाले, “मग तुम्ही स्वतः अहमदाबादचा सामना पुन्हां पाहिलात काय?” प्रश्न रास्त होता. गेल्या दिवाळींत मावशी पुन्हां आमच्याकडे आली होती. एके रात्रीं तिच्याशेजारीं बसून आम्हीं तो सामना लावला, आणि हेडची फलंदाजी पहिल्या चेंडूपासून अखेरपर्यंत पाहिली. पहिल्या कांहीं षटकांत त्याची बॅट वरचेवर चुकते, चेंडू कडेजवळून जातो, हें त्या दिवशीं आमच्या ध्यानांतहि आलें नव्हतें. तेव्हां तो आम्हांस आरंभापासून अजिंक्यच वाटला होता. मावशीनें चष्मा सांवरीत विचारलें, “हा तोच पोरगा ना रे, ज्याला कुणी टाळी वाजविली नव्हती?” आम्हीं होय म्हटलें. भारताचा डाव मात्र आमच्यानें अजून पुरा पाहवलेला नाहीं. दोनदां लावला, आणि कोहली ५४ धांवांवर आला कीं दोन्ही वेळां आम्ही पाणी प्यावयास उठलों.